नाकाची रेघ कुठे गेली? जुन्या चित्राची कॉपी करून ऑइल पोर्ट्रेट शिकतात म्हणजे काय करतात

आमच्या सोसायटीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर हल्ली कोणी ना कोणी स्वतःच्या फोटोचं 'ऑइल पेंटिंग' टाकत असतं. एआय अ‍ॅपला फोटो द्यायचा, चहा गाळेपर्यंत कॅनव्हास, फटकारे, सोनेरी फ्रेम, सगळं तयार. अशात एका रविवारी मी माझ्या कॅनव्हासचा फोटो टाकला. व्हर्मीर नावाच्या डच चित्रकाराच्या प्रसिद्ध चित्रातली, निळा फेटा आणि मोत्याचं कानातलं घातलेली ती मुलगी. त्या चित्राची मी करत असलेली कॉपी, अर्धवट, तीही चार महिने चालू असलेली. पहिला प्रश्न आला, "काका, याची प्रिंट मिळते ना?" दुसरा, "म्हणजे ओरिजनल काहीच नाही?"

प्रश्न दोन्ही रास्त आहेत. मी चित्रकार नव्हे. शाळेत एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट बी ग्रेडमध्ये सुटलो, त्यानंतर तीसेक वर्षं ब्रश हातात धरला नाही. आता दर रविवारी दादरला एका निवृत्त चित्रकला शिक्षकांकडे जातो. तिथे पहिल्याच दिवशी सरांनी सांगितलं की वर्षभर कॉपी करायची. मलाही तेव्हा हेच दोन प्रश्न पडले होते.

कॉपी म्हणजे झेरॉक्स नव्हे, कित्ता

आपल्याकडे यासाठी फार जुना शब्द आहे, कित्ता. अक्षर वळणदार व्हावं म्हणून मुलांना कित्ता गिरवायला देत. 'क' काढताना हात कुठून सुरू करायचा, कुठे वळवायचा, गाठ कधी मारायची, हे त्यातून हाताला कळायचं. म्हणून काही पुस्तकांत अक्षरांवर बारीक बाण असतात. उलट्या क्रमानेही 'क' काढता येतो आणि लांबून तो 'क'च दिसतो, पण भरभर लिहायला लागलं की हात अडखळतो.

चित्राचंही तसंच आहे, फक्त एक अडचण मोठी आहे. पुरं झालेलं चित्र आपला क्रम लपवतं. आधी काय लावलं, मग काय झाकलं, कुठे हात थांबवला, हे वरून दिसत नाही. बाण नसलेला कित्ता. ते बाण शोधून काढणं म्हणजे कॉपी करणं. प्रिंटरला ते बाण लागतच नाहीत; तो डाव्या कोपऱ्यापासून उजव्या कोपऱ्यापर्यंत रंगाचे ठिपके टाकत जातो.

माद्रिदच्या प्रादो संग्रहालयात मोनालिसाची एक जुनी कॉपी आहे. तिच्यातल्या बाईच्या मागचा देखावा कोणीतरी काळ्या रंगाने भरून टाकला होता. तो काळा थर काढून, आतल्या रेखाटनाचे इन्फ्रारेड फोटो घेऊन 2012 साली तज्ज्ञांनी सांगितलं की लिओनार्दोने मूळ चित्रात रंगवता रंगवता जे बदल केले, तेच या कॉपीतही खाली आहेत. म्हणजे शिष्य गुरूच्या शेजारी बसून, गुरू चुकला तिथे चुकत आणि सुधारला तिथे सुधारत होता. संगीताच्या तालमीत गुरूच्या पाठोपाठ तीच जागा घेतात, त्यातलाच प्रकार.

आणि हे फक्त शिकाऊंचं काम, असंही नाही. रुबेन्स 1628-29 मध्ये माद्रिदला गेला तेव्हा पन्नाशी ओलांडलेला, युरोपभर नावाजलेला चित्रकार होता. तिथे बसून त्याने टिशियन या आधीच्या पिढीतल्या इटालियन चित्रकाराच्या चित्रांच्या कॉप्या केल्या.

मुंबईचा तर यात मोठा वाटा आहे. 1857 साली सुरू झालेल्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमधले विद्यार्थी तिथले शिक्षक जॉन ग्रिफिथ्स यांच्यासोबत 1872 ते 1885 या काळात अजिंठ्याला जाऊन भित्तिचित्रांच्या कॉप्या करत होते. त्या लंडनला पाठवल्या गेल्या आणि 1885 च्या आगीत त्यातल्या बऱ्याच जळाल्या. पण त्या मुलांच्या हातात जे शिरलं ते जळलं नाही. पेस्तनजी बोमनजी त्यांच्यातलेच. पुढे त्यांनी काढलेली पारशी घरांतली माणसं आजही समोर बसल्यासारखी वाटतात.

आधी तेल समजून घेऊ

ऑइल पेंट म्हणजे रंगाची पूड आणि जवसाचं तेल. जलरंगातलं पाणी उडून जातं आणि रंग वाळतो. तेल उडत नाही. गॅसच्या वरच्या फळीवरचे डबे वर्षभर पुसले नाहीत की त्यांच्यावर जो चिवट, नखाने खरवडावा लागणारा थर बसतो ना, तसंच इथे होतं. हवेतला ऑक्सिजन शोषून तेल हळूहळू घट्ट होतं. बोटाला लागणार नाही इतकं वाळायला काही दिवस, आतपर्यंत वाळायला महिने.

यातून एक फायदा आणि एक नियम निघतो. फायदा असा की आज लावलेला गाल उद्याही ओला असतो, हवा तसा मिसळता येतो. नियमाला चित्रकार 'फॅट ओव्हर लीन' म्हणतात. खालचे थर टर्पेंटाइनने पातळ केलेले, कमी तेलाचे; वरच्या थरांत तेल जास्त. उलटं केलं तर दुधावरच्या सायीसारखी गत होते. वरचा पापुद्रा धरला, खालचं अजून हलतंय, मग वर सुरकुत्या नाहीतर भेगा.

पहिल्या कॉपीत मी नेमकं उलटं केलं. पहिल्या थरात तेल ओतलं, कारण रंग छान चकाकत होता. वर घाईघाईने टर्पेंटाइनचा पातळ, गडद थर दिला. जून महिना होता. दिवाळीपर्यंत मुलीच्या कपाळावर बारीक भेगा आल्या आणि ती चाळिशीची दिसायला लागली. कपाटामागे भिंतीला टेकवून ठेवल्यामुळे कॅनव्हासला पाठीमागून बुरशीही धरली. मुंबईत पावसाळ्यात कॅनव्हास भिंतीपासून चार बोटं लांब ठेवावा. ग्रुपवर टाकली ती दुसरी कॉपी, चार महिन्यांची.

जवसाच्या तेलाने भिजलेल्या चिंध्या गोळा करून कोपऱ्यात टाकू नका. तेल वाळताना उष्णता निघते आणि बोळा आपोआप पेटू शकतो. चिंध्या पसरून वाळवायच्या किंवा पाण्यात बुडवून ठेवायच्या. टर्पेंटाइन वापरताना खिडकी उघडी हवी. आमच्याकडे यावर वेगळी चर्चा होते: "अहो, पोळ्यांना वास लागतोय." त्यामुळे मी टर्पेंटाइनचं काम आता क्लासमध्येच करतो.

उजेडाचा हिशोब

आता मुख्य भाग. योहानेस व्हर्मीरने हे चित्र साधारण 1665 साली काढलं. आकार जेमतेम 44.5 बाय 39 सेंटिमीटर, म्हणजे उघडलेल्या वर्तमानपत्राच्या एका पानापेक्षा लहान. मूळ चित्र नेदरलँड्समधल्या हेग शहरातल्या माउरित्सहाउस संग्रहालयात आहे. मी त्याच मापाची प्रिंट घेतली, तिच्यावर आणि कॅनव्हासवर चौकटी आखल्या आणि चौकटीमागून चौकट रेखाटन उतरवलं. सिनेमाची मोठमोठी बॅनरं रंगवणारे पेंटर याच पद्धतीने छोट्या फोटोचा तीस फुटी हीरो करत. चौकटींनी डोळा कुठे आहे ते कळतं, डोळा का दिसतो ते कळत नाही.

ते कळण्यासाठी एकच शब्द लक्षात ठेवायचा: टोन. रंग कोणता हे विसरून तो किती उजळ, किती गडद, एवढंच. फोनमध्ये फोटो ब्लॅक अँड व्हाइट केला की जे उरतं ते टोन. डोळे किलकिले करून पाहिलं तरी दिसतात. नवशिक्यांची गंमत अशी की आम्ही रंगाच्या मागे लागतो, 'गाल गुलाबी हवा' वगैरे. माणूस ओळखू येतो तो टोनमुळे.

मी नाक काढलं होतं. व्यवस्थित, दोन्ही बाजूंना रेघ असलेलं, शाळेत शिकवलेलं नाक. सर मागे येऊन उभे राहिले. चष्मा कपाळावर सरकवला.

"ही रेघ कुठे दिसली?"

"नाकाची कड आहे सर."

"प्रिंटमध्ये दाखवा."

मी प्रिंट डोळ्याजवळ नेली. नाकाच्या सावलीच्या बाजूला कड आहे. पण पलीकडे, उजेडातला गाल आणि नाकाचा दांडा यांच्यामध्ये रेघ नाही. काहीच नाही. दोन्हीकडे एकच उजेड, एकच टोन, नाक गालात विरघळून गेलंय. सरांनी चिंधी घेतली आणि माझ्या नाकाची ती बाजू एका फटक्यात पुसून टाकली. चेहरा खराब होईल म्हणून मी अर्धा उठलो होतो. झालं उलटं. मुलगी एकदम वळून बघायला लागली.

मला नाक 'माहीत' होतं म्हणून मी रेघ काढली. व्हर्मीरने जे दिसलं तेवढंच ठेवलं आणि उरलेलं काम बघणाऱ्याच्या मेंदूवर सोपवलं. हे मी पुस्तकात दहादा वाचलं असतं तरी हाताला कळलं नसतं. नुसतं बघतानाही मला तिथे रेघ दिसतच होती. खोटी.

मोत्याचं याहून वाईट झालं. दोन रविवार खर्चून मी गोल गोटी रंगवली: कड, छाया, अर्धी छाया, पडछाया, वर हूक. सर म्हणाले, "अहो साहेब, फटकारे मोजा." मोजले. वर डावीकडे एक जाड पांढरा ठिपका, खाली कॉलरच्या पांढऱ्या कापडाची एक मऊ झाक. बाकी मोती म्हणजे मागच्या अंधारातच मिसळलेला गडद भाग. हूक नाहीच. मोती कानाला कशाने लटकलाय हे व्हर्मीरने रंगवलंच नाही, आणि हे संग्रहालयाच्या तज्ज्ञांनीही सूक्ष्मदर्शकाखाली तपासून सांगितलं आहे. मी दोन रविवार जे नव्हतं ते रंगवत होतो.

थर, आणि हिरवा पडदा

जुने चित्रकार एकदम खरा रंग लावत नसत. आधी तपकिरी किंवा राखाडी रंगात फक्त टोन बसवायचे. याला अंडरपेंटिंग म्हणतात. ते वाळलं की वर रंग, आणि सगळ्यात वर कधीकधी ग्लेझ. ग्लेझ म्हणजे भरपूर तेलातला पातळ, पारदर्शक रंग. गणपतीच्या मखरात पांढऱ्या बल्बवर रंगीत जिलेटीन पेपर लावतो, तसा. उजेड आतून परावर्तित होऊन रंगातून गाळून बाहेर येतो, म्हणून तो रंग खोल वाटतो. पॅलेटवर मिसळून तो येत नाही.

या मुलीच्या मागचा काळा अंधार सगळ्यांना पाठ आहे. माझ्याही पहिल्या कॉपीत मी ट्यूबमधला काळा सरळ फासला होता, आणि मुलगी कापून चिकटवल्यासारखी दिसत होती. 2018 साली मूळ चित्राची तपासणी झाली तेव्हा कळलं की तो अंधार मुळात हिरवा पडदा होता. काळ्यावर हिरवी ग्लेझ, नीळ आणि एका पिवळ्या वनस्पतिरंगाची. साडेतीनशे वर्षांत ती उडून गेली. मुलीला बारीक पापण्याही होत्या, त्याही आता साध्या डोळ्यांना दिसत नाहीत.

म्हणजे कॉपी करणाऱ्याला ठरवावं लागतं की आपण व्हर्मीरची कॉपी करतोय की काळाची. मी सरांना विचारलं. ते म्हणाले, तुमचं चित्र, तुम्ही बघा. मी काळ्यावर हिरवी ग्लेझ दिली. ग्रुपवर कोणाच्या लक्षातही आलं नाही, पण मुलगी मागच्या अंधारापासून सुटी झाली आणि तिच्याभोवती हवा आली.

"पण प्रिंट बघून काय कळणार?"

अर्धंच कळतं, हे मान्य. प्रिंट सपाट असते. खऱ्या चित्रात उजेडाच्या जागी रंग जाड असतो, सावलीत पातळ. हे फोटोत मरतं. प्रिंटचा रंगही दुकानागणिक बदलतो. पॅरिसच्या लूव्रमध्ये मूळ चित्रासमोर ईझल लावून कॉपी करायला परवानगी मिळते. आपल्याला ते कुठलं.

पण मुंबईत यावर उपाय आहे, आणि तो फोर्टमध्ये आहे. छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात सर रतन टाटा आणि सर दोराबजी टाटा यांच्या संग्रहातून आलेली युरोपीय तैलचित्रं आहेत. लोक मूर्ती आणि प्राणी बघून दमतात आणि तिथून भरभर निघून जातात, त्यामुळे निवांत उभं राहता येतं. समोरून बघून झालं की बाजूने, तिरक्या उजेडात बघा. पांढऱ्या कॉलरवर रंगाचा उंचवटा दिसेल, सावलीत कापडाचा पोत. मी दोन-तीनदा सकाळी जाऊन तेवढंच बघून आलो, आणि मग प्रिंटमध्ये काय गायब आहे ते ओळखता यायला लागलं.

"ही चोरी नाही का?"

थोडक्यात: आपल्या कायद्यात चित्रकाराच्या मृत्यूनंतर 60 वर्षं कॉपीराइट असतो. व्हर्मीर 1675 मध्ये वारला, राजा रविवर्मा 1906 मध्ये, मुंबईचे चित्रकार एम. व्ही. धुरंधर 1944 मध्ये. यांच्या कॉप्या खुशाल करा. एम. एफ. हुसेन 2011 मध्ये गेले, त्यांच्या चित्रांची कॉपी करून विकायला बसलात तर अडचणीत याल. सही मात्र स्वतःची करायची, आणि कॅनव्हासच्या पाठीवर कोणाच्या चित्रावरून केलं ते लिहायचं. लबाडी सुरू होते ती कॉपी करण्यात नाही, ती मूळ म्हणून खपवण्यात.

"गोऱ्या मुलीवरून आपली माणसं कशी जमणार?"

हा प्रश्न क्लासमधल्या एका मुलीने विचारला होता आणि सर पहिल्यांदाच खुशीत आलेले दिसले. ट्यूबवर 'फ्लेश टिंट' लिहिलेला गुलाबी रंग मिळतो. सरांच्या क्लासमध्ये त्याला बंदी आहे. तो आपल्यातल्या कोणाच्याच कातडीचा रंग नाही, खरं तर त्या डच मुलीचाही नाही. तिच्या गालात पिवळट माती, थोडा लाल आणि सावलीत तपकिरी आहे.

टोनचा हिशोब सगळ्यांना सारखाच लागतो, पण सावळ्या त्वचेत काही गोष्टी बदलतात. कपाळावरचा, नाकाच्या शेंड्यावरचा चमकणारा उजेड जास्त ठसठशीत दिसतो, आणि तो पांढरा नसतो. खिडकीतून आभाळ येत असेल तर निळसर असतो. अर्ध्या सावलीत शेजारच्या कपड्याचा रंग उतरतो. सावली करायला काळा घातला की चेहऱ्यावर काजळी धरल्यासारखी दिसते. तिथे बर्न्ट सिएना, अंबर हे तपकिरी रंग आणि अल्ट्रामरीन निळा यांचं मिश्रण चालतं.

म्हणून सरांचा नियम असा की कॉपीसाठी पहिलं चित्र कोणाचंही घ्या, दुसरं मुंबईच्या चित्रकाराचं. पेस्तनजी, पिठावाला, त्रिंदाद, धुरंधर, हळदणकर. या लोकांनी युरोपीय तंत्र घेतलं आणि इथल्या उजेडात, इथल्या कातडीवर ते बसवून दाखवलं. पूर्वेचा रेम्ब्रांट म्हणून ज्यांचं नाव घेतलं जायचं ते ए. एक्स. त्रिंदाद मूळचे गोव्याचे, पण शिकले आणि घडले ते जे. जे.मध्ये. त्यांच्या गडद, ऊबदार सावल्या बघितल्या की फ्लेश टिंटची ट्यूब टाकून द्यावीशी वाटते. मी टाकली नाही. एकशे ऐंशी रुपये दिले होते.

"मग सरळ माणूसच समोर का बसवत नाही?"

बसवायचाच असतो, पण नंतर. समोरचं माणूस हलतं, उजेड सरकतो, आणि गोल डोकं सपाट कापडावर कसं उतरवायचं हा प्रश्न आधीच अवघड असतो. कॉपीत तो प्रश्न कोणीतरी सोडवून ठेवलेला असतो. आपण उत्तर वाचून रीत शोधायची. गणिताच्या पुस्तकाच्या शेवटच्या पानावर नुसती उत्तरं असतात आणि मधल्या पायऱ्या आपल्याला घालाव्या लागतात, तसं. मात्र आयुष्यभर मागचं पान बघणाऱ्याचं गणित कच्चंच राहतं. वर्षानुवर्षं सुंदर कॉप्या करणारे आणि समोर माणूस आला की गांगरणारे लोकही मी क्लासमध्ये पाहिलेत.

मागच्या रविवारी क्लासला सुट्टी होती म्हणून आईला खिडकीत बसवलं. तिच्या कानात जुन्या मोत्याच्या कुड्या. नाक छान जमलं, उजेडाकडची रेघ मी काढलीच नाही. मग मोठ्या ऐटीत कुडीवर वर एक पांढरा ठिपका आणि खाली एक पांढरी झाक दिली, व्हर्मीरसारखी. आईच्या कानाला डच मोती लटकला.

डोळे किलकिले करून पुन्हा पाहिलं. ते मोती पन्नास वर्षं वापरून मंद झालेत, चमक अशी नाहीच. आणि खाली पांढरी कॉलर कुठे होती? जांभळा पदर होता. मोत्यांच्या खालच्या अंगाला तोच जांभळा उतरला होता, करडा होऊन. तो करडा जांभळा पॅलेटवर मिसळायला मला पाऊण तास लागला. मान वर करून पाहिलं तर खुर्ची रिकामी होती आणि स्वयंपाकघरातून आवाज आला, "अरे, कुकरच्या चार शिट्ट्या झाल्या, लक्ष कुठे आहे तुझं?"